दुसरं डोकं

ताश-कोरो, १२ एप्रिल १९८६

साल्किन जाऊबाईंना,

पत्राच्या सुरुवातीला आधी माणसांची खुशाली विचारायची, मग जनावरांची, मग गवताची, अशी आपल्याकडे रीत आहे. माणसांची मी विचारत नाही. जनावराची खुशाली तुम्हीच पोत्यात भरून पाठवलीत.

सकाळी जुमादिलने ट्रक माझ्या दारात थांबवला आणि पोतं खाली ठेवलं. म्हणाला, "चोंग-तालाहून तुमच्या जाऊबाईंनी धाडलंय. वासरू मेलंय. पेंढा भरून द्या म्हणाल्या, गाय पान्हा चोरतेय."

मी म्हटलं, "मला कुठली आली जाऊबाई? बावीस वर्षं झाली, मला जाऊबाई नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा बाई, मी आपला ड्रायव्हर माणूस. पण काल जन्मून मेलेल्या वासराच्या मानाने जड लागतंय हो."

तो गेल्यावर मी पोतं सोडलं. मीठ चांगलं भरलं होतंत, तुमचा हात पहिल्यापासून सढळ. आधी एक मान बाहेर आली, मग तिच्याच बुंध्यातून दुसरी. चार डोळे अर्धवट मिटलेले, दोन जिभा, आणि दोन्ही कपाळांवर अगदी एकसारखा पांढरा ठिपका. मी उंबऱ्यावर बसले आणि हसत सुटले. शेजारीण धावत आली, काय झालं म्हणून. मी पोत्याचं तोंड मिटून सांगितलं, काही नाही, सासरची आठवण आली.

तुमची चिठ्ठी तंबाखूच्या डबीत मिळाली. "शारिपा, एक डोकं काप, जागा नीट शिव, एकाच डोक्याचं कर. कुणाला बोलू नकोस. सून मिरगुलला सातवा महिना आहे, लोक काय म्हणतील." जाऊबाई, लोक काय म्हणतील हे तुमच्याहून जास्त कोणाला ठाऊक असणार? त्यांना शिकवलं तुम्हीच.

तुम्हाला वाटलं असेल, शारिपा जुनं विसरली असेल. तीन खोऱ्यांत याकचं नाहीतर गायीचं वासरू मेलं की माझ्याकडे येतं, मी कातडीत पेंढा भरते, आई त्याला चाटते आणि दूध सोडते. म्हणून तुम्हालाही माझंच दार दिसलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे तुम्हाला अजून जमतं, पण झाकायला आता माझी सुई लागते.

आणखी एक. नवी सून थोरल्या दिराचं नाव तोंडी आणत नाही. मी तुमच्या नवऱ्याला 'मोठं घर' म्हणायची, आणि परवापर्यंत मनातसुद्धा 'मोठं घर'च म्हणत होते. आज लिहिते: असनाली. असनाली, असनाली. छप्पर अजून डोक्यावर आहे.

उत्तर सवडीने देईन. तोवर गायीची कास दिवसातून तीनदा मिठाच्या कोमट पाण्याने शेका, नाहीतर दगडासारखी होईल आणि मग माझाही काही उपयोग नाही.

शारिपा

•

ताश-कोरो, १४ एप्रिल

जाऊबाई,

काल जुमादिल तुमचा निरोप घेऊन आला, "लवकर कर, गाय हंबरून हंबरून घसा बसवतेय." हंबरू दे. मीही ओरडले होते.

कातडी सोलून झाली आहे. हाताला काम असलं की डोकं मोकळं असतं, म्हणून जुनं लिहिते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलेलं नाही.

चौसष्टचा एप्रिल. मी वीस वर्षांची, पोटात सातवा महिना. तुमच्याही पोटात होतं, पाचवा. तोच सुयुनबेक, ज्याची बायको आज सातव्यात आहे. आपण दोघी मेंढ्यांच्या बाळंतपणाला एकाच गोठ्यात, वरचा कप्पा तुमचा, खालचा माझा. पहाटे मी चुलीपाशी जरा डोळा मिटला आणि उठले तर माझ्या कप्प्यात दोन डोक्यांचं कोकरू पडलेलं, अजून ओलं. तुम्ही दारात उभ्या. तुम्हीच पहिली हाक मारलीत, "आई, इकडे या, शारिपाच्या मेंढीला बघा काय झालंय."

सासूबाई आल्या, गोठ्यातली सगळी बायका-माणसं आली. सगळे दोन डोकी बघत होते. मेंढीकडे कुणी बघितलं नाही, मीसुद्धा नाही. मग तुम्ही हळूच म्हणालात, अगदी माझी कीव आल्यासारखं, "हिच्या पोटातही असंच नसू दे म्हणजे मिळवली." एवढंच. पुढचं सासूबाईंनी केलं. संध्याकाळपर्यंत मी पांढऱ्या पायाची झाले होते.

इडापिडा टळावी म्हणून ती मेंढी कापली. डोकं भाजून, उकडून ताटात आलं, थोरल्याने कापलं, आणि कान मला मिळाला. सगळ्यांत धाकट्या सुनेला कान द्यायचा, कारण तिने ऐकायचं असतं. माझ्या हातात तो उजवा कान होता आणि त्याला दोन चिरा होत्या.

माझ्या माहेरच्या मेंढ्यांना कानाला गोल भोक असतं, जाऊबाई. दोन चिरा तुमच्या माहेरची खूण.

मी मान वर केली. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. तेव्हाच मला कळलं की पहाटे ती मेंढी वरच्या कप्प्यातून खाली कुणी आणली. का आणली, तेही कळलं. तुमच्या पोटावर बोट येऊ नये म्हणून तुम्ही ते माझ्या पोटाकडे वळवलंत. मला ते समजतं. समजलं म्हणून माफ करायला हवं असं मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

मी तेव्हाच का बोलले नाही? वीस वर्षांची होते, धाकटी होते, कान हातात घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "हिचं हिच्या आईला निस्तरू दे," आणि लोकरीच्या ट्रकवर मला घाटापलीकडे पाठवायचं ठरलं. निघताना चहा तुम्ही ओतलात. पाहुण्याला अर्धा वाडगा द्यायचा, म्हणजे पुन्हा मागेल, पुन्हा बसेल. तुम्ही माझा वाडगा काठोकाठ भरलात. ऊठ आणि जा, हे त्या घरात मला तोंडाने कुणी म्हणालं नाही.

कान मी खाल्ला नाही. तो मीठ लावून वाळवलेला आहे, आणि माझ्याकडे आहे.

शारिपा

•

ताश-कोरो, १७ एप्रिल

जाऊबाई,

खरं सांगते. दोन्ही डोक्यांचं करायचं माझ्या मनात होतं. दोन्ही माना ताठ, चारही डोळे उघडे, आणि जुमादिलच्या उघड्या ट्रकवर उभं करून रविवारच्या जनावरांच्या बाजारातून तुमच्या दारापर्यंत न्यायचं. दोन दिवस याच विचाराने माझ्या पोटात ऊब होती. दुसऱ्या मानेत पेंढा भरूनही झाला होता.

काल जुमादिल चहाला थांबला. बोलता बोलता म्हणाला, "तुमच्या जाऊबाईंची सून चांगली पोरगी आहे. मला बाजूला घेऊन म्हणाली, काका, घाटापलीकडे आंबट जर्दाळू मिळतात ना, मूठभर आणा, पण सासूबाईंना सांगू नका, त्या म्हणतात आंबट खाऊ नये." मी विचारलं, चालते कशी? म्हणाला, "कमरेवर हात ठेवून. घाबरल्यासारखी."

तुमच्या सुनेला मी ओळखत नाही. सातवा महिना ओळखते.

म्हणून तुम्ही मागितलं तसंच केलं आहे. एक डोकं, एक मान. शिवण आतून घेतली आहे, वर केस ओढून बसवलेत. नजरेला दिसणार नाही. हाताला लागेल, पण हात तुमचाच लागायचा. वासरू गायीच्या उजव्या अंगाला उभं करा. पाठीवर आणि मानेवर मिठाचं पाणी शिंपडा, तिचंच थोडं दूध चोळा. ती हुंगेल, चाटेल, मग तुम्ही कासेला बसा. गाय काही डोकी मोजत बसत नाही. जुमादिलबरोबर जर्दाळूची पिशवी आहे, ती मिरगुलची. ती उघडलीत तर मला कळेल.

आता माझं मागणं. शाल नको, साखर नको.

दुसरं डोकं माझ्याकडे आहे. तेही मी भरलं, बटणांचे डोळे लावले. कोठीत फळीवर ठेवलंय, कपाळावरच्या ठिपक्यासकट. ती गाय तुमची आहे हे त्या ठिपक्यावरून बाजारातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, कारण तिच्याही कपाळावर तोच ठिपका आहे आणि असनालीने तिचा फोटो वर्तमानपत्रात छापून आणलाय.

मिरगुल बाळंत होईपर्यंत मी गप्प आहे. तिला होऊ दे, बाळ सगळ्यांनी बघू दे. मग बाळाला पाळण्यात घालायच्या जेवणाला मला बोलवा. सगळ्यांसमोर तुम्ही दोन गोष्टी सांगायच्या. ती मेंढी कुणाची होती. आणि माझ्या मुलाला डोकं एकच होतं.

सांगितलंत तर मी डोकं जाळीन. नाही सांगितलंत तर पुढच्या रविवारी ते बाजारात असेल आणि मी त्याच्या शेजारी उभी असेन.

शारिपा

•

ताश-कोरो, ६ मे

जाऊबाई,

शाल परत पाठवते आहे. चांगली आहे, तुम्हालाच शोभेल.

आणि तुम्ही तेमिरकानला पाठवलंत. नवऱ्याला पाठवावं तर माझ्याच, हे तुमच्याच डोक्यातून निघणार. पिकला आहे, पोट सुटलं आहे, टोपी अजून हातात घेऊन चुरगळतो. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "वहिनीचं वय झालंय, शारिपा. जाऊ दे आता."

"तुला काय सांगून पाठवलंय?"

"जुना काहीतरी वाद आहे म्हणाल्या. बायकांचा."

म्हणजे वासराचं तुम्ही त्यालाही सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही. शब्द म्हणजे शब्द. मी म्हटलं, "आत ये, चहा घे." अर्धा वाडगा दिला. त्याने प्यायला, मी पुन्हा अर्धा दिला. मग मी विचारलं, "घाटात तू मला काय विचारलं होतंस, आठवतं?"

त्याने वाडगा खाली ठेवला. तुम्हाला सांगते, कारण हे त्यानेही तुम्हाला कधी सांगितलं नसणार.

ट्रक घाटात बर्फात अडकला. मला कळा सुरू झाल्या. रस्ताकामगाराच्या खोपटात त्याच्या म्हाताऱ्या बायकोने माझं बाळंतपण केलं. मुलगा झाला. दोन महिने आधीचा, माझ्या तळहाताएवढा, आणि डोक्यावर एवढं काळंभोर जावळ की म्हातारी म्हणाली, "टोपी घालूनच आलाय." तुरार नाव ठेवलं, म्हणजे राहील, टिकेल. तो दोन दिवस टिकला. त्या दोन दिवसांत मी त्याचं डोकं किती वेळा हाताने चाचपलं असेल, ते सांगायला मला आजही लाज वाटते. तुमच्या त्या एका वाक्याने मला माझ्याच लेकराच्या मानेवर दुसरी मान शोधायला लावली, जाऊबाई. यासाठी माझा तुमच्यावर दात आहे. ट्रकसाठी, चहासाठी नाही, यासाठी.

तेमिरकान तिसऱ्या दिवशी पोचला. माती ओली होती. त्याने मला हात लावला नाही, बाळाचं नाव विचारलं नाही. मातीकडे बघत म्हणाला, "एकच होतं ना?"

त्याच्याबरोबर मी परत गेले नाही, ते यामुळे. आणि तुमच्या गावात आजही सांगतात की शारिपाचं पोर दोन डोक्यांचं होतं, म्हणून कुणाला न दाखवता पुरलं. तुमच्या गावचा एक पोरगा आमच्याकडे याकच्या कामाला होता. त्याने मला ही गोष्ट मीच ती हे न कळता सांगितली. वर हेही म्हणाला की एक डोकं रडत होतं आणि दुसरं हसत होतं.

तेमिरकान जाताना दारात म्हणाला, "एकच होतं हे मला माहीत होतं, शारिपा." मी म्हटलं, मग बावीस वर्षं तोंडात काय धरलं होतंस? टोपी घालून गेला.

तुम्ही लिहिता, "माझं वय बघ." तुमचं वय मी बघितलं. एकोणपन्नास. जीभ अजून तरुण असणार.

शारिपा

•

ताश-कोरो, २९ जून

जाऊबाई,

आमंत्रण मिळालं. नातू झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप, हे जुमादिलकडून आधीच कळलं होतं. त्याच्या हाती मिरगुलला लोणी पाठवलं आहे. मी शनिवारी येते. डोकं आणणार नाही, ते फळीवरच राहील. कान आणते.

शारिपा

•

ताश-कोरो, १९ जुलै

साल्किन जाऊबाईंना,

तुमचं पत्र वाचलं. तीनदा वाचलं, कारण गोड लागत होतं. तुम्ही लिहिता, "तू माझं घर फोडलंस. आपलं ठरलं होतं ते एवढंच नव्हतं." ठरलं होतं ते एवढंच होतं. आपण दोघी पुन्हा एकदा त्या जेवणाला बसू, म्हणजे कुणी काय फोडलं ते कळेल.

तुम्ही मला बायकांत वरच्या बाजूला बसवलंत, त्याबद्दल तक्रार नाही. मिरगुल चहा ओतत होती, सगळ्यांना अर्धा-अर्धा वाडगा, न चुकता. बाळ तुमच्या मांडीवर होतं. तळलेले बोर्सोक कुरकुरीत होते. व्याह्यांपुढे मेंढीचं डोकं ठेवलं, त्यांनी कान कापून आपल्या लेकीला, मिरगुलला दिला आणि म्हणाले, "सासूचं ऐक." सगळे हसले. तुम्हीही हसलात. तुम्हाला वाटलं मी विसरले, किंवा भरल्या पंगतीत माझा धीर होणार नाही.

मग मी रुमाल सोडला आणि वाळका कान तुमच्यापुढे चादरीवर ठेवला. "माझ्याकडेही एक आहे, जाऊबाई. बावीस वर्षांपूर्वी तुमच्या सासूच्या घरी मला मिळालेला. हा कुणाच्या मेंढीचा, जरा बघून सांगा."

असनाली म्हणाला, "आज शुभ दिवस आहे, वहिनी, हे काय काढलंस?" वहिनी म्हणाला. एवढ्या वर्षांनी. मी त्याला त्याच्या नावाने हाक मारून सांगितलं की गप्प बस, आणि तो बसला.

तुम्ही दोन चिरांवरून बोट फिरवलंत. तुमचा रंग उतरला होता. बाजार, फळी, ठिपका, सगळं तुमच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. म्हणालात, "माझ्या." कुणाला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं. "माझ्या माहेरच्या मेंढीचा. दोन डोक्यांचं कोकरू माझ्या मेंढीला झालं होतं. मी तिला शारिपाच्या कप्प्यात नेलं."

"आणि माझा मुलगा?"

"मी बघितला नव्हता."

"मग दोन डोक्यांचा म्हणून सांगितलं कुणी?"

बाळाने तुमच्या मांडीवर आळस दिला. "मी," तुम्ही म्हणालात. "मीच सांगत होते. त्याला एकच होतं."

पुरुषांच्या बाजूला तेमिरकान रडत होता. त्याचं रडणं मला नको होतं, ते त्याने घरी न्यावं. मला जे हवं होतं ते मिळालं. त्या पंगतीत पन्नास माणसं होती आणि पन्नास तोंडं आता खरं सांगत हिंडतील. मी कान उचलून रुमालात बांधला.

पुढचं मी मागितलं नव्हतं. मिरगुल उठली. तुमच्या मांडीवरून बाळ घेतलं, आपल्या आईकडे दिलं. परत येऊन चहाच्या समोवारपाशी बसली आणि तुमचा वाडगा घेतला. तिने वाडगा काठोकाठ भरला, दोन्ही हातांनी अदबीने उचलला आणि तुमच्यापुढे ठेवला. एक थेंबही सांडला नाही. सगळ्यांनी बघितलं, आणि सगळ्यांनी आपापल्या ताटात मान घातली.

तुम्ही विचारता, पोरीला हे मी शिकवलं का. मी तिच्याशी तोवर चार शब्दही बोलले नव्हते. तुम्ही लिहिता की चाळीस दिवसांसाठी म्हणून ती बाळाला घेऊन माहेरी गेली आणि सुयुनबेक तिथे जाऊन-येऊन असतो, तुमच्याशी धड बोलत नाही. ते वाचून मला आनंद होतो. खोटं कशाला लिहू?

पण तुम्हाला न कळलेली एक गोष्ट सांगते. परवा मला मिरगुलचं पत्र आलं. एप्रिलमध्ये तुमची कंबर धरली होती म्हणून चार दिवस गायीच्या धारेला ती बसली होती, आठवतं? पेंढ्याच्या वासराची मान चोळताना तिच्या बोटांना शिवण लागली. इथून काहीतरी कापलंय हे गुराख्याच्या लेकीला कळायला वेळ लागत नाही. तिला तेव्हाच कळलं, जाऊबाई. पोटात सातवा महिना, आणि घरात विचारायचं कुणाला? रोज अंथरुणावर पडून ती पोट चाचपायची आणि मोजायची. दोन महिने. तुम्ही शेजारच्या खोलीत घोरत होतात.

ती लिहिते, "जेवणाच्या दिवशी तुम्ही बोललात तेव्हा मला कळलं की अशी मोजणारी मी एकटीच नव्हते." आणि विचारते, तुरारचे केस कसे होते. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

डोकं मी जाळलं. शब्द दिला होता. काल आर्चाच्या लाकडांवर ठेवलं, बटणं आधी काढून घेतली, बटणं चांगली होती. तुमच्या गायीचं गुपित आता तुम्ही, मी आणि तुमची सून, तिघींतच आहे, आणि मी तोंड उघडणार नाही. तिचं मला माहीत नाही.

तुम्हाला हे माझं शेवटचं पत्र. मिरगुल लिहिते की चाळीस दिवस झाले की ती परत येणार, घर तिच्या नवऱ्याचं आहे, ते ती कशाला सोडेल. बरोबर आहे. मी तिला लिहिणार आहे, दर महिन्याला, केसांपासून सुरुवात करून. जुमादिल पत्र तुमच्या दाराशी आणेल, दिवसा घरात तुम्हीच असता, तेव्हा ते तुमच्याच हातात पडेल. वर नाव तिचं असेल. तुम्ही ते न फोडता आत नेऊन तिला द्यायचं.

शारिपा